गीला नी है

सकाळी साडेसातला राजेंद्रनगरात गाडी येते,
आधी तिचं गाणं, मग ती.
हिरव्या खणात ओला, निळ्यात सुका,
मागच्या फळीवर सुगनबाई,
नाकावर पदर, कोपरापर्यंत रबरी मोजे.

कार्तिकात मी तिला ओला कचरा देणं थांबवलं.
सांगितलं काहीच नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?
पाणी धरेना म्हणून टाकायला काढलेला माठ,
त्याला खिळ्याने आणखी चार भोकं,
तळाशी नारळाच्या शेंड्या.
वर मटाराची टरफलं, मेथीच्या काड्या,
धुतलेला चहाचा चोथा,
गिलकीची सालं.
(पुण्याची जाऊ गिलकीला घोसाळं म्हणते,
आणि मी गिलकी म्हटलं की हसते.
माठाला दोन्ही चालतात.)

पाचव्या दिवशी सुगनबाईने गाडी थांबवायला लावली.
"बाई, तबियत तो ठीक है?
चार दिन से गीला नी है.
चूल्हो नी जल्यो कंई?"

मी फाटकात, हातात निळी बादली,
तिच्यात दुधाच्या पिशव्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं.
मुलगा रविवारी फोनवर विचारतो, जेवलीस का?
जेवले म्हटलं की म्हणतो, बरं.
आणि हिला माझं आडनावसुद्धा ठाऊक नाही,
पण माझी एकादशी ठाऊक,
पाहुणे कधी आले, कधी नुसत्या वरणभातावर भागवलं,
सगळं ठाऊक.
"तुम्हारे यहाँ आलू का छिलका अब मोटा निकलता है,"
ती म्हणाली,
"पहले तो कागद जैसा पतला था."

पहिल्यांदा बटाटे हे सोलायचे.

ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला.
ती तशीच मोज्यांसकट मागल्या अंगणात आली,
माठाचं झाकण उचललं, वास घेतला,
दुकानात खरबूज हुंगतात तसा.
"खट्टो हो गयो. सूखो डालो, सूखो."
सूखो! वर्षभर निंबाखालचा पाचोळा झाडून
मी तिच्याच गाडीत घालत होते.

मग एक थर सालींचा, एक पाचोळ्याचा,
मधूनच वाटीभर आंबट ताक.
माघात एकदा हात खुपसला,
आत ऊब होती,
कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या गादीसारखी.
मी झाकण लावलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडून पाहिलं.

काही गोष्टी कुजल्याच नाहीत:
सफरचंदावरचा गोल कागद,
कोथिंबिरीच्या जुडीचा रबर,
एक आंब्याची कोय, जिला मी दोनदा माफ केलं
आणि तिसऱ्यांदा फेकून दिलं.

जेठात माठ पालथा केला.
काळं, भुसभुशीत, पावसाआधीच्या हवेचा वास असलेलं.
फाटकाजवळची माळव्याची जमीन
तेव्हा हाताचं बोट जाईल इतकी भेगाळलेली.
भेगांत सगळं ओतलं, झारीने पाणी घातलं
आणि विसरले.

आषाढात मीटरच्या पाइपावर एक वेल चढू लागली,
पानं पिंपळासारखी, देठ लालसर.
मी लावली नव्हती.
रोज सकाळी ती वीतभर वर असायची
आणि मी चष्मा लावून तिला विचारायची, कोण गं तू?

ओळखलं सुगनबाईनेच, फळीवर उभ्या उभ्या.
"अरे, ये तो गराडू है! किसने लगायो?"
तेव्हा आठवलं, पौषातली ती रात्र,
शेजारच्या पोरांसाठी गराडू तळले होते,
सोलून हात खाजत होते, लिंबू चोळलं तरी थांबेना,
आणि वरचा बोडखा तुकडा रागाने माठात भिरकावला होता.
"कोणी नाही," मी म्हटलं. मग हिंदीतही म्हटलं, "किसी ने नहीं."
"ठंड से पहले मत खोदना," ती ओरडली, गाडी निघाली होती,
"आधो म्हारो!"

त्या दिवशी बटाटे सोलताना
सुरी जरा आडवी धरून पाहिली, त्यांच्यासारखी.
दोन बटाटे जमले.
तिसऱ्याचं साल जाडच निघालं. निघू दे.
माठालाही काही खायला नको का?