वीस नंबरचं सूत

रजिताने फोनवर आकडा सांगितला :
नऊ हजार चारशे सत्त्याहत्तर किलोमीटर,
सोलापूर ते मेलबर्न, सरळ रेषेत.
मी तो रिकाम्या कोनाच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला
आणि शिफ्ट सुटेपर्यंत खिशात ठेवला.

मला किलोमीटर कळत नाही.
अशोक चौक ते एमआयडीसी, सायकलवर,
तेवढंच मोजलंय पायांनी.
सूत कळतं.
वीस नंबरचं एक किलो सूत उलगडलं
तर चौतीस किलोमीटरला थोडं कमी भरतं.
म्हणजे लेक माझ्यापासून
दोनशे ऐंशी किलोवर आहे.
एकशे अठ्ठेचाळीस कोन.
छोट्या टेम्पोत मागे बसेल सगळं,
वर ताडपत्री टाकून जागा उरेल.

हे बायकोला सांगितलं.
ती सूप मांडीवर घेऊन बसली होती,
कात्रीनं पान कापत.
म्हणाली, माझ्या विड्यांत सांगा.
रोजच्या हजार, टोकाला टोक लावून साठ मीटर.
मी मनातच भागाकार केला.
चारशे बत्तीस वर्षं.
तिला म्हटलं, लागतील बरीच.

विमान ताशी साडेआठशेनं गेलं
तर अकरा तास नऊ मिनिटं.
आमची पाळी बारा तासांची.
म्हणजे सकाळी सातला मशीन चालू केलं
की संध्याकाळी सुटायच्या आत ती पोचते,
वर एकावन्न मिनिटं उरतात :
जेवण, आणि दोन चहा.
इतकं जवळ असेल तर
मी उगाच एवढा पैसा सुटकेसला घातला.

पण असं विमानच नाही.
आकडा सरळ रेषेचा, आणि सरळ कुणी जात नाही.
ती गेली तेव्हा आधी रात्रीची हैदराबाद बस,
नळदुर्गच्या पुढे टायर बसला,
मग विमानतळावरची खुर्ची, मग सिंगापूर,
तिथे गालिच्यावर झोपली म्हणे, बूट उशाला घेऊन.
एकूण सदतीस तास.
तीन पाळ्या, वर एक ओव्हरटाइम.

आणि सूत तरी कुठे सरळ राहतं?
ताण जास्त झाला की तुटतं.
एकशे अठ्ठेचाळीस कोन म्हणजे
एकशे सत्तेचाळीस गाठी नुसत्या जोडायच्या,
तुटल्याच्या वेगळ्या.
गाठ अशी मारायची की बोट फिरवलं तर लागू नये.
समुद्रावर कोण उभं राहणार मारायला?

तिथलं घड्याळ आमच्या साडेचार तास पुढे.
ऑक्टोबरात ते लोक काटा आणखी तासभर ढकलतात.
अंतर तेवढंच राहून ती एक तास लांब जाते,
एप्रिलात परत येते.
हे मला कुठल्याच सुतात बसवता आलं नाही.

लहानपणी डबा घेऊन कारखान्यात यायची.
मशीनच्या आवाजात हाक पोचायची नाही,
तर रिकामा कोन तोंडाला लावून
बीमच्या त्या टोकाहून ओरडायची : नाना!
मी ओठ बघून ओळखायचो.
ती सवय अजून गेली नाही माझी.
काल म्हणाली, नाना, ओरडू नका,
शेजारी उभं राहिल्यासारखं ऐकू येतं.
मी बरं म्हटलं. मोठ्यानेच.

बायको दिवा घालवता घालवता विचारते,
दोनशे ऐंशी किलो ना?
सध्या काय भाव चाललाय?