डावा पंखा

बाहेर उणे एकतीस,
आणि चोइनखोर म्हणतो, ह्याला ताप येतो.

उलानबातरच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा,
चहाच्या डब्यात सुटे स्क्रू.
कोटाच्या आतून त्याने लॅपटॉप काढला,
नमद्याच्या तुकड्यात गुंडाळलेला,
ऐन थंडीत जन्मलेलं करडू घरात आणावं तसा.
"पाच मिनिटं चालतो. मग घुरघुरतो. मग मान टाकतो."
आत चारशे बकऱ्यांचा हिशोब,
आणि लेकीचे फोटो. ती बुसानला असते.

आधी उघडायचं नाही. आधी ऐकायचं.
उजवा पंखा ऊर फुटेस्तोवर ओरडत होता.
डावीकडे काहीच नाही.
पातळ कागदाच्या दोन पट्ट्या धरल्या जाळीपाशी:
उजवी फडफडली,
डावी लोंबत राहिली, कंटाळलेल्या पोरासारखी.
एकाहत्तर. चौऱ्याऐंशी. शहाण्णव.
काळोख.

मी म्हटलं, डावा मेलाय.
नवा सीमेपलीकडून येतो, ट्रकने, चार दिवस.
किंमतही सांगून टाकली.

मग अकरा स्क्रू काढले, आणि माझं तोंड बंद झालं.

पंखा मेला नव्हता. कामात होता.
ऊब, ओल, आणि न थकता घोळवत राहणं,
नमदा असाच होतो, हे इथे शेंबडं पोरही सांगेल.
सहा महिने आत आलेली एकेक लव धरून
पंख्याने तांब्याच्या पात्यांना टेकून
बोटभर लांबीचा नमदा केला होता,
घट्ट, राखाडी, कडा सरळ.
मग आसावर एक लांब केस गुंडाळला गेला
आणि कारागीर थांबला.

"रात्री कुठे ठेवता?"
"पांघरुणात. गारठून गेला असता."
"चालू?"
तो गप्प.
मग म्हणाला, "म्हणजे मीच."
मी खाली पडलेला स्क्रू शोधत होते, निदान तसं दाखवलं.

केस चिमट्याने उलटा सोडवला, सात वेढे.
चिपवरची पेस्ट वाळून खपली झालेली, ती खरवडली,
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
चोइनखोरने तो चिमुकला नमदा उचलला, हुंगला,
"ही करड्या म्हातारीची लोकर. वसंतातली,"
म्हणाला, आणि खिशात टाकला.

बावन्न. बावन्न. त्रेपन्न.
डाव्या जाळीपाशी त्याने तळवा धरला
आणि बराच वेळ काढला नाही.
घरी नेल्यावर तासभर लावू नका, मी बजावलं,
आत दव धरतं. पैसे फक्त साफसफाईचे घेतले.

तो गेल्यावर काचेवरचं बर्फ नखाने खरडलं.
खाली बसची वाट बघत उभा होता,
लॅपटॉप छातीशी, बंद, थंडगार,
आणि कोटाची वरची दोन बटणं
त्याला वारा लागावा म्हणून
उघडी.