एक जून

नव्या साहेबांनी पहिल्याच गिनतीत वाचून दाखवलं:
ज्याचा वाढदिवस, त्याला त्या दिवशी रजा.
वर कल्याण निधीतून केक.
मनोबल हा शब्द त्यांनी तीनदा घेतला.
मागच्या रांगेत वाकळे खोकला,
त्याला साप्ताहिक सुट्टी मिळून पाच आठवडे झाले होते.

मी सोनपेठ ठाण्याचा हजेरी मेजर.
ड्युट्या पेन्सिलीनं लावतो,
कारण संध्याकाळी लिहिलेलं
रात्री साडेदहाला परभणीहून आलेला एक फोन खोडून टाकतो.
बत्तीस वर्षं झाली.
रजेचा अर्ज देताना माणूस माझ्या तोंडाकडं बघत नाही,
बोटांकडं बघतो.

त्या रात्री सर्व्हिस बुकं काढून बसलो,
जन्मतारखा उतरवायला.
ढगे गंगाधर, एक जून.
शेख खलील, एक जून.
वाकळे, एक जून.
राठोड दोन आहेत, दोन तांड्यांवरचे,
दोघंही एक जून.
बेचाळिसांत एकोणीस निघाले,
आणि विसावा मी.

गुरुजींनी विचारलं असणार, पोरगं कवाचं?
बाप म्हणाला असणार, सुगीतलं.
नाहीतर, तांबडी म्हैस याली त्या आठवड्यातलं.
गुरुजींना अजून चाळीस नावं लिहायची होती.

यादी पाहून साहेब मनापासून हसले.
मग म्हणाले, टप्प्याटप्प्यानं द्या.
तसा मी नऊ जुलैला जन्मलो.
खलील बावीस जूनला.
ढगे चौदाला जन्मणार होता,
पण मंत्र्यांचा दौरा लागला
आणि तो दुपारपर्यंत परत न जन्मलेला झाला.
बराकीत पोरं एकमेकांना विचारायची,
तुझं कधी ठरलं रे?
केक मात्र येत राहिला. मुंग्यांना सवय झाली.

बिराजदार शिवकन्या, वायरलेसवर असते.
औसा तालुक्यातली, बोलणं कमी.
एका रात्री टेबलाशी येऊन म्हणाली,
मेजर, माझी तारीख खोटी हाय.
म्हटलं, बाई, इथं खरी कुणाची आहे?
म्हणाली, माझी खरी मला ठाऊक हाय.
किल्लारीच्या साली, गणपती बुडाले त्या रात्री,
घर पडल्यावर, उजाडायच्या आत,
कडब्याच्या गंजीआड.
माय तारीख सांगत नाही, चतुर्दशी सांगती.

मी हिशेब केला.
अकरा वर्षांची नोकरी,
अकरा चतुर्दश्या,
अकराही वेळा ती मिरवणुकीपुढं, कानात कापूस, केसांत गुलाल.
त्या दिवशी रजा बंद असते सगळ्यांची,
तिनं मागितलीही नव्हती.
नुसतं सांगितलं, आणि वायरलेसवर परत गेली.

चतुर्दशीचा तक्ता लावताना
खिशातला बॉलपेन काढला.
बिराजदार, सूट, पहाटे तीन ते पाच.
अक्षर मलाच ओळखू येईना.

साडेदहाला फोन आला.
महिला कर्मचारी कमी पडतायत, ती सूट काढा.
मी म्हटलं, सर, पेनानं लिहिलंय.
पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग फोन ठेवल्याचा आवाज.

तीन वाजता मिरवणूक चौकातच अडकलेली.
ठाण्यामागं, जप्तीच्या मोटारसायकलींच्या रांगेत
तिनं खुर्ची टाकली होती.
बूट काढून बाजूला ठेवले होते, मोजे त्यांत कोंबून.
झोपली नव्हती.
दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकवून
नुसती बसली होती.
मी लांबूनच फिरलो.

सोमवारी मला मेमो मिळाला.
बंदोबस्तात परस्पर बदल,
खुलासा चोवीस तासांत सादर करावा.
वीस तास झालेत.
वाकळे येऊन दोनदा विचारून गेला, काय लिहिलं?
तिसऱ्यांदा आला तेव्हा
स्वतःचा पेन टेबलावर ठेवून गेला.