नमुना चौदा-क

दर जानेवारीत तो येतो, पहिल्या मंगळवारी,
आणि मशीनमधून टोकन घेतो.
ह्या वर्षी बासष्ट.
पुढे एक बाई, कुत्र्याच्या परवान्यासाठी,
दोन म्हातारे, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायची परवानगी मागणारे,
आणि मग ओरिन हॉगन,
ज्याने सुपीरियरच्या बर्फात अडकलेलं खनिजाचं जहाज
ताटातली वाटी उचलावी तसं उचललं होतं.

खुर्चीवर तो पूर्ण टेकत नाही.
अर्धं वजन स्वतःच धरून बसतो, मला कळतं.
मागच्या खेपेची खुर्ची अजून स्टोअररूममध्ये आहे,
तिच्यासाठीही एक नमुना भरावा लागला.

मी व्हर्ना लिंडक्विस्ट, खिडकी क्रमांक तीन,
डलूथच्या ह्या काउंटी कचेरीत एकवीस वर्षं.
जिना चढताना माझे गुडघे कुरकुरतात.
आणि हा माणूस, ज्याला जिना लागतच नाही,
माझ्यासमोर टोपी काढून उभा राहतो:
"मॅडम, ह्या वर्षीचं."

बळी तो कान पिळी, हे धरून सगळं जग चाललेलं,
आणि हा बळी
स्वतःचा कान माझ्या खिडकीतून आत देतो.

माझा भाचा बारा वर्षांचा, वहीत मारामाऱ्यांची चित्रं काढतो.
त्याला हे मुळीच पटत नाही.
"मावशी, तो अख्खी कचेरी उचलून तळ्यात का नाही फेकत?"
मी म्हटलं, मग त्याच्या उडण्याचा विमा कोण काढेल?
तो हसला नाही.
मलाही ते उत्तर वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरात वादळ आलं तेव्हा परवानगी उशिरा गेली.
सरकारी काम अन् सहा महिने थांब;
आम्ही चाळीस मिनिटंच घेतली.
कागद माझ्याच ट्रेमध्ये होता, सूपच्या डब्याखाली.
तो बंदराच्या भिंतीवर भिजत उभा,
फोन कानाला,
आणि बोट समोर दिसत होती.
तिघं गेले. त्यातल्या एकाचं आडनाव
कुत्र्यांच्या परवान्यांच्या यादीत मला अजून दिसतं.

त्यानंतरचा हा पहिला जानेवारी.
वाटलं, येणार नाही.
किंवा येईल, पण दारातून नाही.

आला. टोकन घेतलं. म्हाताऱ्यांना पुढे जाऊ दिलं.
मी त्याला पेन देत नाही, पेन्सिल देते,
बोथट, जाड, सुतार वापरतात तसली.
सही करता करता, मान वर न करता म्हणाला,
"एकोणीसचा होतो. शेतावर.
गोठ्याचं छप्पर भावाच्या अंगावर बसलं होतं.
कुणाला विचारलं नाही. उचललं.
दुसरी बाजू वडलांवर आली."
मग बराच वेळ आडनावातलं एक अक्षर गिरवत राहिला.
"थांब म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.
म्हणजे आई होती.
पण तिचं मी ऐकलं नसतं."

माझ्या ओठांवर आलं होतं: आणि नोव्हेंबर?
ती तीन माणसं कुणाच्या खात्यात, तुझ्या की माझ्या?
मध्ये खिडकीची काच,
जिला बोलण्यापुरतं गोल भोक आहे.
विचारलं नाही.
डब्याबद्दल त्याला ठाऊक आहे का,
हे मला आजही ठाऊक नाही.

शिक्का मारला. शाई संपत आलेली,
'मंजूर'मधला 'मं' उमटलाच नाही.
पुन्हा मारला.
दोन मंजुऱ्या, एकीवर एक, दोन्ही फिकट.
शाई वाळावी म्हणून त्याने कागद तोंडाजवळ नेला,
गाल फुगवले,
आणि तसाच थांबून माझ्याकडे पाहिलं:
"घालू फुंकर?"

मी काउंटरवरची कुंडी बाजूला सरकवली,
सुट्या कागदांवर दोन्ही हात ठेवले.
"घाला," म्हटलं. "हळू."