रीडिंग

एकतीस वर्षं मी मीटर वाचले,
रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, वाडीच्या बोळांत.
जिन्याखाली, सायकलींच्या मागे,
एका घरी तर देवघरातच,
गणपतीच्या उजव्या हाताला.
लोक आतून विचारत, कोण?
मी म्हणायचो, रीडिंग.

आता पुस्तकं वाचतो.
म्हणजे एकाच बाईची.
अमेरिकेतली. पाठीमागे फोटो आहे:
पांढरे आखूड केस, हात खिशात,
फोटो काढणाऱ्याचा जरासा राग आलेला.
नऊ कादंबऱ्या, नऊही एकाच गावाच्या.
पाण्याची टाकी, मक्याची शेतं, एक पूल,
आणि बर्फ. बर्फ ती असा लिहिते
की भर मे महिन्यात मी पंखा एकवर आणला.

पहिली शलाकाने पाठवली, माझ्या पासष्टीला.
"बाबा, हे गाव माझ्यापासून दोन तासांवर आहे म्हणे."
तिने स्वतः वाचली नव्हती. वेळ कुठे असतो.
पुढच्या तीन मांडवीच्या लायब्ररीत सापडल्या,
तिथे वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे,
आपण वाकून पुस्तक शोधत असतो
आणि डोक्यावरून कुणाच्या तरी चपला चालत जातात.
राहिलेल्या पाच मागवल्या, पेन्शनीतून,
हिराला किंमत कमी सांगून.

डिक्शनरी मांडीवर. दिवसाला चार पानं.
हिरा चहा ठेवते, विचारते,
आज कोण मेलं?
अगं, कोणी मरत नाही हिच्यात.
एक म्हातारा पंधरा पानं नुसती भांडी विसळतो.
एक बाई नवऱ्याला म्हणते, लोणी संपलंय,
आणि आपल्याला कळतं, ही आता राहत नाही इथे.
नवऱ्याला कळत नाही. तो लोणी आणायला जातो.

आणि प्रत्येक पुस्तकात, मी मोजलंय,
कुणीतरी गाडी आपल्याच दारात लावतं,
इंजिन बंद करतं,
आणि उतरत नाही.
घरात दिवा असतो. जेवण असेल.
तो, किंवा ती, नुसती बसून राहते
काचेवर वाफ धरेपर्यंत.
मला वाटलं, बाईंची सवय असेल,
आमच्या जयंतीभाईंची जशी
प्रत्येक वाक्यात "मूळ मुद्दा असा".

उत्तरायण होऊन आठवडा झाला होता,
मांजा अजून तारांवर लोंबत होता,
पहाटे पाचला शलाकाचा व्हिडिओ कॉल.
तिकडे संध्याकाळ, पण काळोख.
चेहरा अर्धा दिसत होता,
खांद्यावरून तिरका गेलेला काळा पट्टा.
कुठे आहेस?
पोचले की घरी. बसलेय जरा गाडीत.
बरी आहेस ना?
हो, ठीक. तुम्ही काय करताय?

नव्या पोरांना मी शिकवायचो:
मेन चालू ठेवा, घरातलं सगळं बंद करा,
दिवे, पंखे, फ्रिज, देवाजवळचा झिरोचा बल्बसुद्धा.
मग चकतीकडे बघा.
तरी फिरतेय?
मग भिंतीत कुठेतरी गळती आहे.
ओरडू नका. घरच्यांना घाबरवू नका.
हात कोरडे ठेवा, आणि थांबा.

नऊ पुस्तकांत एकानेही
गाडीपर्यंत जाऊन काच वाजवली नाही.
मी हात पंचाला पुसले, उगाचच.
म्हटलं, काही करत नाहीये.
तू बस. मीही इथे बसतो.
ती बसली. मी ओट्यावर बसलो.
दूधवाला गेला, तिलाही ऐकू गेला असेल.
तिच्या काचेवर हळूहळू वाफ धरत होती,
बाईंनी लिहिलंय तशीच,
खालून वर.

आतून हिरा, झोपेतच,
पहाटेच्या फोनला दुसरं काय विचारणार:
कोण गेलं हो?
कोणी नाही, म्हटलं.
रीडिंग आहे.