हातचा

जूनचा दुसरा गुरुवार. खिडकीखाली समुद्राला ओहोटी.
लांब टेबलाभोवती अकरा माणसं, शॉर्टब्रेडची बशी,
आणि मी, ग्लेनिस प्रॉसर, इतिवृत्त लिहिणारी.
बावीस वर्षं याच खुर्चीत. मला मत नाही.

इथे नावं येत नाहीत, क्रमांक येतात,
आणि क्रमांकापुढे तीन वर्षं, एका दशांशापर्यंत आटवलेली.
सत्तरला पहिला वर्ग.
त्यावरचे तीस गुण आम्ही कपाटात ठेवतो
सणाच्या काचसामानासारखे, सहसा काढत नाही.
साठला दुसऱ्या वर्गाचा वरचा मजला,
पन्नासला त्याच घराचा खालचा,
चाळीसला तिसरा.
त्याखाली, मिळालीच तर, नुसती पदवी, सन्मानाशिवाय:
ताट वाढावं आणि बसा म्हणू नये, तसं.

चार शून्य सात एक तीन.
एकोणसाठ पॉइंट चार.

डॉक्टर हुवेल चष्मा पुसतात.
"प्रबंधाला बासष्ट आहेत," म्हणतात, चष्म्यालाच.
बाहेरून आलेल्या परीक्षक बाई नियमावली उघडतात:
पॉइंट पाचला वर उचलता येतं. चारला नाही.
"आज चारला घेतलं, तर उद्या तीन दार वाजवेल."
खरंय. तीनच्या मागे दोन उभाच असतो.

मी पान उलटते.
दुसरं वर्ष, मार्च. निबंध एक दिवस उशिरा. पाच गुण वजा.
शिक्का माझा आहे.

तो खिडकीशी आला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या,
अंगाला लोकरीचा आणि रक्ताचा वास.
रात्रभर मेंढी अडली होती. दोन कोकरं, एक जगलं.
मी म्हटलं, अडचणीचा फॉर्म भर.
तो हसला. "मेंढी व्याली, ही काय अडचण झाली?"
फॉर्म कोराच परत सरकवला, काचेखालून.

ते पाच गुण सरासरीत झिरपत झिरपत
एक दशांश उरतात. तेवढाच.
शाळेत मिस बेव्हन फळ्यावर खडू आपटायच्या:
हातचा विसरू नका, मुलींनो, हातचा!
माझ्या हातात आत्ता पेन आहे.
त्याचं नाव मला माहीत आहे. इथेही लिहिणार नाही.

"दुसरा वर्ग, खालचा विभाग. एकमताने."
अक्षर नेहमीसारखंच येतं.

हुवेल बशी माझ्याकडे सरकवतात.
पुढचा क्रमांक: चार शून्य सात एक चार.
एकाहत्तर.
कुणी काहीच बोलत नाही.