नळीतली नदी

अठ्ठ्याऐंशी पेट्या नुसत्या काळ्या दगडाच्या.
मग एका पहाटे, औसा तालुक्यातल्या त्या गायरानावर,
ताजोद्दीननं मशीन हळू केली.
"आवाज बदललाय म्याडम. खाली कायतरी खरखरतंय."
वर येणारं राखाडी पाणी
पिवळसर झालं, कण्यांच्या पेजेसारखं.

हातभर कांडं निघालं.
गोणपाटावर आडवं ठेवून धुतलं.
वरची चार बोटं विटेसारखी भाजलेली,
म्हणजे लाव्हा आला तेव्हा
ही वाळू इथे उघड्यावर पडून होती.

मग भिंग.
कण टोकदार, फार चाललेले नाहीत,
आईच्या खडकाजवळच बसलेले.
गुलाबी फेल्स्पार अजून ताजा:
पाऊस बेताचा असेल,
नाहीतर पुरून टाकायची घाई फार.
थर तिरके, एकावर एक कललेले,
सुपातलं धान्य एका कडेला सरकतं तसे.
गुडघाभर पाणी, ओढ असलेलं.
त्यावर चिखलाचा पापुद्रा, भेगाळलेला,
आणि भेगांत पुढच्या पुराची वाळू.
वहीत लिहिलं: नदी, हंगामी.
खोडलं.
एक कण दाताखाली धरला, कचकन वाजला.
पुन्हा तेच लिहिलं.

इरम्मा दूध घेऊन आली,
भूकंपानंतरच्या वसाहतीतून,
जिथल्या गल्ल्या पट्टीनं आखलेल्या आहेत.
"पानी लागलं का?"
"नदी लागली. पाणी नाही, वाळू आहे."
"कवाची?"
आकडा मला सांगवेना. म्हटलं,
ह्या काळ्या दगडाच्याही आधीची.
तिनं कांड्यावरून हात फिरवला,
वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
"कुनीकडं वाहायची?"

इथे अडकले.
कांडं नळीत गरगरत वर येतं.
उतार दिसतो,
पण तो उत्तरेला होता की दक्षिणेला
ते खाली भोकातच राहतं.
ओढ कळते, खोली कळते.
"दिशा तेवढी सांगता येत नाही," मी म्हटलं.

ती जरा वेळ गप्प.
"आमच्या जुन्या घराचं बी तसंच झालंय.
चूल कुटं, रांजन कुटं, समदं ध्यानात हाय.
दाराचं तोंड कुनीकडं व्हतं
तेवढं इकडं आल्यापासनं फिरून गेलंय."

किटली रिकामी करून ती गेली.
ताजोद्दीननं पुढची नळी जोडली.
मी कांड्यावर खडूनं बाण काढला, एकच,
वरची बाजू कुठली एवढंच दाखवणारा,
आणि लिहिलं: पेटी एकोणनव्वद.